सुताराचा हात पाहायला चला

शेतकरी मंडळी आणि शिक्षक बंधुभगिनींनो, यंदा शाळेची सहल कोल्हापूरला निघाली, तर जवळच्या कणेरी गावी अवश्य उतरा. तिथल्या सिद्धगिरी मठाच्या ग्रामजीवन संग्रहालयात बारा बलुतेदारांचे जुने जग माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभे केले आहे. मुले सगळीकडे धावतील. तुम्ही त्यांना सुतारापाशी थांबवा.

सुताराची विद्या कळायची, तर आपल्या सोलापूरकडची तिफणच घ्या. बाभळीचे जाड दिंड, खाली तीन फण, प्रत्येकाला कळकाची एकेक नळी आणि वर चाडे. चाड्यावर मूठ धरणाऱ्याने बी बोटांतून सारखे सोडले, की ते तिन्ही नळ्यांतून थेट फणाच्या तासात पडते. रब्बीला वरची माती सुकत जाते, ओल असते खाली. वरून फेकलेले बी कोरडेच राहील. तिफण ते ओलीला नेऊन ठेवते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या काळ्या रानांत पिढ्यान्पिढ्या ही तिफणच चालली, बरं का!

१९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर रानोरान गेले. पेरणीला मात्र लाकूडच पुष्कळ दिवस टिकले. आता ट्रॅक्टरमागे पेरणीयंत्र चालते. त्याबद्दल तक्रार नाही, बैलांचे हाल तेवढे कमी झाले. पण जुनी तिफण गोठ्यामागे वाळवी लागून पडते नि एखाद्या थंडीत चुलीत जाते. ती घडवणारा सुतारही आता थकला.

तेव्हा गुरुजी, परत आल्यावर एक तिफण मागून शाळेत आणा. गावच्या म्हाताऱ्या सुताराला बोलवा. दिंडातले भोक तिरपे का पाडले, ते मुलांना विचारू द्या, आणि उत्तर त्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या.