कचेरी तपासताना

ठाण्याची खाडी आणि पारसिकचा डोंगर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत महापे आहे. साठच्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची ठाणे-बेलापूर वसाहत उभी राहू लागली, तेव्हा या भागात रसायने, औषधे, रंग आणि यंत्रांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आले. पुढे संगणकाचा व्यवसाय वाढला, आणि त्याच वसाहतीत काचेच्या भिंतींच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. मिलेनियम बिझनेस पार्क हे त्यांतले ठळक उदाहरण. कारखान्यात शिरताना डोक्यावर शिरस्त्राण लागते, कचेरीत शिरताना गळ्यातले ओळखपत्र पुरते. त्यामुळे धोके कारखान्यात असतात आणि कचेरीत फार तर कंटाळा असतो, असा एक समज रूढ झाला आहे.

कायद्याची विभागणीही पुष्कळशी अशीच होती. कारखान्यांसाठी १९४८ चा कारखाने अधिनियम, त्यासाठी वेगळे निरीक्षक, तपशीलवार नियम. कचेऱ्या मात्र दुकाने व आस्थापना कायद्याखाली येत, आणि त्यात स्वच्छता, उजेड, हवा आणि आगीपासून खबरदारी यांविषयी थोडक्यात सांगून काम भागवलेले असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामकाजाची परिस्थिती संहिता, २०२० लागू झाली. तिने कारखाने अधिनियमाची जागा घेतली, आणि दहा किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी कचेऱ्याही तिच्या कक्षेत आल्या. केंद्र आणि राज्य सरकारची कार्यालये मात्र तिच्या बाहेर ठेवली आहेत. आम्हांला हा अपवाद समजत नाही, कारण महाराष्ट्रातल्या कचेरीच्या दुर्घटनांत सर्वांत परिचित असलेली दुर्घटना सरकारी कार्यालयातच घडली. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली, वरच्या मजल्यांवर पसरली, आणि पाच माणसे मृत्युमुखी पडली. तेथे ना भट्टी होती, ना ज्वालाग्राही द्रावकांची पिंपे. होती ती नेहमीची कचेरी.

कचेरीत जळण्यासारखे असते तरी किती? हिशेब वर्गातही करता येईल. एक किलो कागद जळताना सुमारे १६ मेगाजूल उष्णता देतो. एक लिटर पेट्रोल सुमारे ३३ मेगाजूल देते. म्हणजे १०० किलो कागदपत्रांच्या फडताळात साधारण ४८ लिटर पेट्रोलाइतकी ऊर्जा साठलेली असते. फरक वेगाचा आहे. गच्च बांधलेले गठ्ठे हळू जळतात, कारण आतल्या पानांना हवा मिळत नाही. सुटी पाने, पडदे, लाकडी पार्टिशन आणि खुर्चीतला फोम भराभर जळतो, आणि त्यातला धूर व कार्बन मोनॉक्साइड ज्वाळेच्या आधी माणसाला गाठतो. पेट्रोलचे दोन डबे कोणी जिन्याखाली ठेवले तर आरडाओरड होईल; जुन्या फायली ठेवल्या तर कोणी बोलत नाही.

येथे दोन शब्द वेगळे केले पाहिजेत. रोजच्या बोलण्यात धोका आणि जोखीम हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. तपासणी करणाऱ्याने तसे करून चालत नाही. अपाय करण्याची क्षमता म्हणजे धोका. तो अपाय कोणाला, किती वेळा आणि किती गंभीर होण्याचा संभव आहे, ती जोखीम. विहीर हा धोका आहे. तिला कठडा नसेल आणि शेजारून रोज अंधारात मुले जात असतील, तर जोखीम मोठी. कठडा बांधला की धोका तोच राहतो, जोखीम घटते. म्हणून प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारावेत. येथे ऊर्जा किंवा विष कोठे साठले आहे? ते माणसापर्यंत कोणत्या वाटेने पोचेल? आणि त्या वेळी तेथे कोण असेल? छापील तक्त्यांत पहिले दोन प्रश्न कसेबसे असतात. तिसरा बहुधा नसतो.

विजेपासून सुरुवात करू. टेबलाखाली लोंबणाऱ्या एका जोडफळीला संगणक लावलेले असतात. त्यांचा भार फार नसतो. मग थंडीत किंवा रात्रपाळीत कोणीतरी चहासाठी विजेची किटली आणते. २००० वॉटची किटली २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह ओढते, आणि जोडफळीवरचे साधे भोक ६ अँपिअरसाठी केलेले असते. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे दहावीचा विद्यार्थी जाणतो. पण खरी खोच सैल सांध्यात आहे. पिनेचा स्पर्श ढिला होऊन तेथे ओहमच्या दहाव्या भागाइतका रोध आला, तर ८.७ अँपिअरला तेथे सुमारे साडेसात वॉट उष्णता तयार होते. आकडा क्षुल्लक वाटतो. मात्र ती टाचणीच्या डोक्याएवढ्या जागी, प्लास्टिकच्या आत कोंडलेली असते. शिवाय प्रवाह वाढलेला नसल्याने संरक्षक खटका पडत नाही. तेव्हा डोळ्यांपेक्षा येथे नाक आणि हात कामाला येतात: किटली काढल्यावर पिन गरम लागते का, प्लास्टिक पिवळे पडले आहे का, जळकट वास येतो का.

आता हवेकडे वळू, कारण कचेरीत सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाते ती हवा. भिंतीवरचा वातानुकूलक हवा थंड करतो, बदलत नाही. खोलीतली हवा ओढून, गार करून तीच परत सोडतो. समजा ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशा बैठकीच्या खोलीत दहा माणसे बसली आहेत. शांत बसून काम करणारा माणूस ताशी सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, म्हणजे दहा जण मिळून १८० लिटर. खोलीचे आकारमान ६०,००० लिटर. दारे-खिडक्या घट्ट असतील तर तासाभरात या वायूचे प्रमाण दशलक्ष भागांत ३००० भागांनी वाढेल. बाहेरच्या हवेत ते सध्या ४२० च्या आसपास असते. म्युनिकच्या माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच खोलीतल्या चांगल्या हवेची मर्यादा म्हणून दशलक्षात १००० हा आकडा सुचवला होता, आणि दरडोई सेकंदाला १० लिटर ताजी हवा आत आणली तर प्रमाण याच आकड्याच्या थोडे खाली स्थिरावते.

एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी नसतो, हे पेटेनकोफर यांनाही ठाऊक होते. तो केवळ सूचक आहे. तो साचला याचा अर्थ दुसऱ्याच्या फुफ्फुसातून आलेली हवा साचली, आणि त्याबरोबर सर्दी-पडशाचे, क्षयाचे किंवा कोविडचे जंतू आले तर तेही साचले. दुपारच्या बैठकीत येणारी जांभई सर्वस्वी वक्त्याच्या माथी मारू नये, असे आम्ही सुचवू.

उजेडाचे काम सोपे आहे. टेबलावर ३०० ते ५०० लक्स मिळाले की लिहिण्या-वाचण्याचे भागते. अडचण येते ती विरोधाची. पडद्यामागे उघडी खिडकी असेल तर बुबुळ खिडकीच्या प्रकाशाला जुळवून घेते आणि अक्षरे अंधूक दिसतात. टेबल काटकोनात फिरवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. खुर्ची आणि मान यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, म्हणून एवढेच: पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला, पाय जमिनीवर टेकलेले, आणि दर अर्ध्या तासाने उठणे. उत्तम खुर्चीवर सलग चार तास बसण्यापेक्षा साध्या खुर्चीवरून वारंवार उठणारा बरा. रात्रपाळीचा प्रश्न याहून अवघड आहे. महाप्यातल्या काही कचेऱ्या अमेरिकेतल्या ग्राहकांच्या घड्याळावर चालतात. शरीराचे दिवस-रात्रीचे चक्र बिघडवणारे पाळीकाम हे कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या गटात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली घातले आणि २०१९ मध्ये ते मत कायम ठेवले. असा धोका भिंगातून दिसत नाही. तो हजेरीपटात शोधावा लागतो.

आता तिसरा प्रश्न: तेथे कोण असेल? संगणकावर बसणाऱ्यांची यादी कचेरीकडे असतेच. पण पहाटे स्वच्छतागृहे धुणाऱ्या बाई, रखवालदार, आढ्याच्या खोट्या छतावर चढणारा वीजतंत्री, बाहेरून काचा पुसण्यासाठी दोरावर लोंबकळणारा मुलगा, हे बहुधा ठेकेदाराचे असतात आणि तपासणीच्या वेळी इमारतीत नसतात. स्वच्छतेचेच घ्या. विरंजक द्रावणात सोडियम हायपोक्लोराइट असते, आणि फरशीवरचे डाग काढणाऱ्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल. दोन्ही एकत्र ओतली तर अधिक स्वच्छ होईल असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात त्यातून क्लोरिन बाहेर पडतो, तोही दार लावलेल्या लहानशा खोलीत. बाटल्यांवरची सूचना त्या बाईंना वाचता येईल अशा भाषेत आहे का, हे आम्ही अग्निशामक नळकांड्याच्या मुदतीइतकेच महत्त्वाचे मानतो.

क्लोरिनचा उल्लेख आला तेव्हा खिडकीबाहेर पाहायला हवे. महाप्यातल्या कचेरीची तपासणी तिच्या कुंपणापाशी संपू शकत नाही. डोंगरापलीकडच्या डोंबिवलीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस एंटरप्रायझेस या कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा दूरवरच्या इमारतींची तावदाने फुटली आणि काचा लागून अनेक जण जखमी झाले. २३ मे २०२४ रोजी तेथील अमुदान केमिकल्समध्ये पुन्हा स्फोट झाला. या जखमींतल्या कित्येकांचा त्या रसायनांशी काडीचाही संबंध नव्हता. काचेची भिंत आणि तिला चिकटून लावलेले टेबल, ही मांडणी मग केवळ शोभेची बाब उरत नाही. काचेवर तुकडे धरून ठेवणारा पापुद्रा चिकटवता येतो, टेबले आत सरकवता येतात.

वायुगळतीचा विचार आणखी बारकाईने करावा लागतो. आग लागली तर बाहेर पळायचे, हे सर्वांना शिकवलेले असते. शेजारी विषारी वायू सुटला तर नेमके उलटे: आत थांबायचे, खिडक्या लावायच्या, बाहेरची हवा ओढणारा पंखा ताबडतोब बंद करायचा. याचे गणित असे. समजा वायूचा ढग पंधरा मिनिटे इमारतीभोवती राहिला. इमारत घट्ट बंद असेल आणि तिच्यातली हवा फटींतून तासाला अर्धी बदलत असेल, तर तेवढ्या वेळात आतले प्रमाण बाहेरच्या आठव्या हिश्शाच्या जवळपास पोचते. ताज्या हवेचा पंखा चालू राहून हवा तासाला चार वेळा बदलत असेल, तर तेच प्रमाण साठ टक्क्यांच्या वर जाते. ढग सरकून गेला की मात्र खिडक्या सताड उघडायच्या, कारण आत शिरलेला वायू मग आतच अडकून राहतो. ज्या पंख्याची आपण एवढी शिफारस केली, तोच येथे शत्रू होतो. त्याचा खटका कोठे आहे, तो कोणाला ठाऊक आहे, रात्री तीन वाजता ती व्यक्ती इमारतीत असते का, हे तक्त्यात लिहून घ्यावे. परिसरात वास येतो म्हणून काही ठिकाणी पंखा कायमचाच बंद ठेवतात. त्याची किंमत आपण बैठकीच्या खोलीत मोजलीच आहे.

वर जायचे की खाली, हेही वायूवर अवलंबून असते. हवेचा सरासरी रेणुभार सुमारे २९. क्लोरिनचा ७१, म्हणजे तो हवेच्या जवळजवळ अडीच पट जड. तो सखल जागी, तळघरातल्या वाहनतळात साचतो. अमोनियाचा रेणुभार १७, म्हणून तो वर जातो, पण थंड द्रवातून एकदम फुटला तर धुक्यासारखा जमिनीलगतही पसरतो. म्हणून शेजारच्या कारखान्यात काय आहे हे आधी कळायला हवे, आणि ते विचारणे म्हणजे आगाऊपणा नव्हे. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनुसार, ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साठा करणाऱ्या कारखान्याने आसपासच्या लोकांना धोक्याचे स्वरूप आणि अपघातात काय करावे, काय करू नये, हे कळवायचे असते.

दारांविषयी एक गोष्ट राहिली. ओळखपत्र दाखवून उघडणारी दारे बहुधा विद्युतचुंबकाने धरलेली असतात. वीज गेली की चुंबकत्व जाते आणि दार सुटते. हे सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच. पण चोरीच्या भीतीने काही ठिकाणी चुंबकाला बॅटरीचा आधार देतात किंवा जिन्याच्या दाराला कुलूप लावतात. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकाने दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन व्यवस्था चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे असते. ते कागद पाहावेतच. शिवाय आगीची घंटा वाजवून दार खरेच सुटते का, हे स्वतः ढकलून पाहावे.

शिक्षकांना हा सगळा अभ्यास आपल्या शाळेत करता येईल. शाळेची कचेरी, प्रयोगशाळेचे कपाट, शिपायाची खोली आणि स्वच्छतेचे सामान ठेवण्याची जागा एवढे पुरे. वरच्या वर्गातल्या मुलांनी तीन प्रश्नांचा तक्ता करावा आणि तिसऱ्या रकान्यात माणसांची नावे व वेळा लिहाव्यात. शाळा औद्योगिक वसाहतीजवळ असेल तर वाऱ्याची नोंदही करावी. विषारी वायू हाताळणाऱ्या कारखान्यांत उंचावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी लावलेली असते. ती खिडकीतून दिसत नसेल तर गच्चीवर काठीला कापडाची पट्टी बांधली तरी चालते. महाप्यासारख्या ठिकाणी दिवसा वारा बहुधा खाडीकडून डोंगराकडे वाहतो आणि रात्री मंदावतो किंवा उलटतो. दिवसपाळीसाठी निवडलेले एकत्र जमण्याचे मैदान रात्रपाळीला नेमके वायूच्या वाटेत येऊ शकते. तेव्हा तक्त्यात अशा दोन जागा लिहाव्यात, आणि रात्रीच्या रखवालदाराला त्या दोन्ही दाखवून ठेवाव्यात.