अंत्यसेवागृहाची परीक्षा : चतुष्पादाच्या निकषावर

रोग असाध्य आहे असा निर्णय झाल्यावर वैद्याचे कार्य संपते काय, हा प्रश्न व्यवसायात प्रत्येकास केव्हा ना केव्हा भेटतो. कर्करोगाच्या अंतिम अवस्थेतील रुग्णाचे नातेवाईक मोठ्या रुग्णालयातून ‘आता घरी न्या’ हे शब्द ऐकून बाहेर पडतात आणि पुष्कळदा प्रथम आपल्या चिकित्सालयाची अथवा औषधालयाची पायरी चढतात. त्यांना त्या वेळी औषधापेक्षा दिशा हवी असते. ‘अमुक ठिकाणी ठेवून घेतात म्हणे, तेथे सेवा चांगली आहे का?’ असे ते विचारतात. या प्रश्नास आपण जे उत्तर देतो, त्यावर एका जिवाचे अखेरचे दिवस अवलंबून असतात.

या विषयावर लिहिण्यास आम्हांस एक प्रमाद कारण झाला आहे. काही वर्षांपूर्वी मुखाच्या कर्करोगाने ग्रस्त अशा एका वृद्ध रुग्णास आम्ही अशाच एका संस्थेत पाठविले. संस्था आम्ही पूर्वी एकदा पाहिली होती. स्वच्छ इमारत, अंगणात तुळशीवृंदावन, सायंप्रार्थना आणि सौजन्यशील विश्वस्त एवढे पाहून आम्ही शिफारस केली. पाचव्या दिवशी रुग्णाचा मुलगा आमच्याकडे आला. सलग दोन रात्री वडील वेदनेने तळमळत होते. रात्रपाळीस एकच अप्रशिक्षित मदतनीस होता, डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत आणि तोंडावाटे देण्याचे मॉर्फीन संस्थेत नव्हतेच. आम्ही रुग्णास दुसरीकडे हलविले. तेथे वेदनेचा उपचार सुरू झाल्यावर ते झोपू लागले, घरच्यांशी बोलू लागले आणि नऊ दिवसांनी शांतपणे गेले. मुलाने आम्हांस दोष दिला नाही. त्याने एवढेच विचारले, “तिथे रात्री कोण असतं, हे तुम्ही विचारलं होतंत का?” आम्ही ते विचारले नव्हते.

सेवेचे स्वरूप

अंत्यसेवागृह अर्थात हॉस्पिस ही वृद्धाश्रमाची अथवा धर्मशाळेची शाखा नव्हे. आधुनिक हॉस्पिसचा आरंभ डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडन येथे स्थापिलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून मानला जातो. वेदना केवळ शारीरिक नसते. तिला मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अंगेही असतात, हा त्यांचा सिद्धान्त होय. युक्तिव्यपाश्रय, सत्त्वावजय आणि दैवव्यपाश्रय अशी त्रिविध चिकित्सा शिकलेल्या आपल्या वाचकांस हा विचार परका वाटणार नाही. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले. पुढे गोव्यात व दिल्लीतही त्याच्या शाखा निघाल्या. पुण्यात वारजे येथील सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र १९९७ पासून कार्यरत आहे. केरळात १९९३ साली कालिकत येथे सुरू झालेल्या कार्यातून घरोघरी जाऊन सेवा देण्याची लोकाधारित पद्धत विकसित झाली. राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम २०१२ साली आखला गेला. तथापि लहान शहरांत व तालुक्याच्या गावी ‘सेवागृह’ असा फलक लावणाऱ्या प्रत्येक ठिकाणी ही सेवा मिळतेच असे नाही. म्हणून परीक्षा अवश्य ठरते.

शास्त्राची भूमिका

काही वैद्यबंधू म्हणतात की, असाध्य रुग्णास हात लावू नये अशी शास्त्राची आज्ञा आहे. चरकाचार्यांनी महाचतुष्पाद अध्यायात असाध्याची चिकित्सा करणाऱ्या वैद्याची अर्थ, विद्या व यश यांची हानी सांगितली आहे, हे खरे. परंतु हा निषेध रोग बरा करण्याच्या खटाटोपाचा आहे, असे आमचे नम्र मत आहे. रुग्णास वाऱ्यावर सोडण्याची अनुज्ञा त्यातून निघत नाही. असाध्याचेही याप्य आणि अनुपक्रम असे दोन भेद तेथेच केले आहेत आणि यापन हे वैद्याचेच कर्म आहे. वैद्याच्या चतुर्विध वृत्तींत मैत्री व कारुण्य या आर्त रुग्णाविषयी सांगितल्या आहेत. मृत्यूकडे चाललेल्याविषयी सांगितलेली ‘उपेक्षा’ म्हणजे आजच्या मराठीतील हेळसांड नव्हे. वैद्याने स्वतःचा तोल राखावा, असा तिचा आशय आम्ही समजतो. मरणोन्मुख रुग्णही वेदनेपुरता आर्तच असतो, म्हणून कारुण्याचा अधिकार त्यास अखेरपर्यंत आहे.

परीक्षेसाठी नवे मोजमाप शोधावे लागत नाही. वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रुग्ण या चार पादांचे प्रत्येकी चार गुण खुड्डाक चतुष्पाद अध्यायात दिलेले आहेत. तेच क्रमाने लावून पाहू.

प्रथम पाद : वैद्य

शास्त्रज्ञान, वारंवार पाहिलेले कर्म, दक्षता आणि शुचिता हे वैद्याचे गुण. उपशामक सेवेचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर संस्थेशी संलग्न आहे काय, तो किती वेळा येतो आणि मध्यरात्री दूरध्वनीवर कोण उपलब्ध असतो, हे स्पष्ट विचारावे. ‘डॉक्टर येतात’ हे उत्तर पुरेसे मानू नये. वेदनेची नोंद हा दुसरा निकष. शून्य ते दहा या प्रमाणात वेदना किती, हे दररोज रुग्णास विचारून टिपले जाते काय? नाव झाकून एखादा नोंदतक्ता दाखविण्यास सांगावे. जेथे वेदना लिहिलीच जात नाही, तेथे ती कमी झाली की नाही हेही कोणी पाहत नसते.

रोग समूळ बरा करण्याचे आश्वासन देणारी संस्था, ती कोणत्याही पद्धतीची असो, अंत्यसेवागृह म्हणून त्याज्य समजावी. हे लिहिताना आपल्या पद्धतीची नावे लावणाऱ्या संस्थाही आम्ही वगळत नाही.

द्वितीय पाद : द्रव्य

विपुलता, योग्यता, अनेकविध कल्पना आणि संपत् हे द्रव्याचे गुण. येथे कळीचे द्रव्य मॉर्फीन होय. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली; तीव्र वेदनेच्या पायरीवर मॉर्फीन येते. अमली औषधिद्रव्ये कायदा १९८५ चा. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फीनसह अत्यावश्यक मादक औषधांचे नियमन सुटसुटीत झाले आणि राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता मिळालेल्या वैद्यकीय संस्थांस ती ठेवता येतात. म्हणून पहिला प्रश्न असा की, संस्थेस ही मान्यता आहे काय? नसल्यास मान्यताप्राप्त संस्थेकडून पुरवठ्याची व्यवस्था आहे काय? ‘आमच्याकडे त्याची गरज पडत नाही’ असे उत्तर आल्यास सावध व्हावे.

साध्या तोंडी मॉर्फीनचा प्रभाव सुमारे चार तास टिकतो. म्हणून ते घड्याळाप्रमाणे द्यावे लागते; रुग्ण कण्हू लागल्यावर देणे ही सदोष पद्धत होय. मधेच वेदना उसळल्यास द्यावयाची जादा मात्रा लिहिलेली असावी. मॉर्फीनने मलावरोध जवळजवळ निश्चित होतो. म्हणून त्यासोबत रेचक लिहिले जाते काय, हा एकच प्रश्न संस्थेचे ज्ञान उघड करतो. व्यसन लागेल या भीतीने मात्रा नाकारणे हा वेदनाग्रस्त रुग्णावर अन्याय आहे. ज्यांच्या ग्रंथांत अहिफेनाचे कल्प आहेत त्या आपण तरी ही भीती पसरवू नये.

तृतीय पाद : उपस्थाता

उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच हे परिचारकाचे गुण. अंत्यसेवेत हाच पाद प्रधान ठरतो असा आमचा अनुभव आहे. किती रुग्णांमागे किती परिचारिका आहेत, हे दिवसाचे व रात्रीचे वेगळे विचारावे. उठू न शकणाऱ्या रुग्णाची कूस ठरावीक वेळाने बदलली जाते काय, शय्याव्रणाची रोज तपासणी होते काय, मुखाची स्वच्छता कोण करते, दुर्गंधी सुटलेल्या व्रणाचे बंधन किती वेळा बदलले जाते, हे प्रश्न लहान वाटतात. परंतु रुग्णाचा दिवस त्यांवरच जातो. मुखाच्या कर्करोगात दुर्गंधीमुळे नातवंडे जवळ येईनाशी होतात, हे दुःख वेदनेपेक्षा कमी नसते. परिचारकांशी दोन शब्द बोलून पाहावे. ते रुग्णास नावाने ओळखतात की खाटेच्या क्रमांकाने, हे लगेच कळते.

चतुर्थ पाद : रुग्ण

स्मृती, वैद्याच्या सूचनांचे पालन, निर्भयता आणि आपली व्यथा सांगता येणे हे रुग्णाचे गुण. संस्था या गुणांस वाव देते काय, ते पाहावे. रुग्णास काय सांगावे याविषयी चरकाचार्य इंद्रियस्थानात सावध आहेत. न विचारता मरण सांगू नये असे ते बजावतात. आजचे उपशामक शास्त्र सत्य दडवू नये म्हणते. आम्हांस यात मोठा विरोध दिसत नाही. रुग्णाने विचारल्यास खोटे सांगू नये आणि त्याने न विचारल्यास त्याच्यावर लादू नये, हा मध्यम मार्ग चांगल्या संस्थांत पाळला जातो. परंतु रुग्णास विचारण्याची संधीच न देता सर्व बोलणे नातेवाइकांशी उरकले जात असेल, तर तो दोष मानावा. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी आगाऊ वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सुलभ केली. असे लेखी इच्छापत्र असल्यास संस्था त्याचा आदर कसा करते, हेही विचारावे.

नातेवाइकांस रात्री राहता येते काय, मृत्यूनंतर कुटुंबाची कोणी विचारपूस करते काय आणि खर्च आरंभीच लेखी सांगितला जातो काय, हे प्रश्न याच पादात येतात.

वास्तू

इमारतीचा विचार आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण आमची चूक तेथेच झाली. उपकल्पनीय अध्यायात रुग्णासाठी मजबूत, वाऱ्याचा थेट झोत नसलेले परंतु एका भागी हवेशीर, धूर, धूळ व अनिष्ट शब्द-गंध यांपासून मुक्त असे गृह सांगितले आहे. पाणी, स्वयंपाकघर, शौचकूप व स्नानगृह यांची सोय तेथे अभिप्रेत आहे. रुग्णास उठविण्या-निजविण्यात, अभ्यंगात व स्नानात कुशल सेवकांबरोबर गायन-वादन व कथा जाणणारेही असावेत, असे चरकाचार्य म्हणतात. म्हणजे गृहाचे वर्णन त्यांनी माणसांवाचून पुरे केलेले नाही. शौचकूप खाटेपासून किती अंतरावर आहे, हे प्रवेशद्वाराच्या शोभेपेक्षा अधिक पाहावे.

परीक्षेची पद्धत

आम्ही आता पुढील क्रम पाळतो. पहिली भेट पूर्वसूचना देऊन घ्यावी आणि वरील प्रश्न विचारून उत्तरे टिपून ठेवावीत. दुसरी भेट रात्री आठनंतर, शक्य तर सुट्टीच्या दिवशी द्यावी. तेथे पूर्वी सेवा घेतलेल्या एखाद्या कुटुंबाशी, त्यांची इच्छा असल्यास, बोलावे. वर्षातून एकदा ही नोंद ताजी करावी. परिचारिका बदलल्या की संस्था बदलते. ज्या गावात असे गृह नाही, तेथे घरी येऊन सेवा देणारे पथक किती अंतरापर्यंत येते, याची माहिती ठेवावी. पुष्कळ रुग्णांस घरच अधिक प्रिय असते.

आपल्याकडूनही काही अपेक्षित आहे. रुग्ण पाठविताना आपण दिलेल्या सर्व कल्पांची नावे व मात्रा लिहून द्याव्यात. गिळण्यास कष्ट होत असल्यास चूर्णे व मोठ्या वटी थांबवाव्यात. यकृत वा वृक्क क्षीण झाले असता रसौषधींचा मोह टाळावा. औषधालयचालकांनी मलावरोधासाठी रेचक मागणाऱ्या अशा रुग्णाच्या नातेवाइकास पोट फुगणे, उलट्या व वायूही न सरणे ही लक्षणे आहेत काय, हे अवश्य विचारावे. तसे असल्यास आंत्रावरोधाची शंका घेऊन रेचक न देता त्वरित डॉक्टरांकडे पाठवावे. तसेच जवळच्या मान्यताप्राप्त संस्थेचे नाव व दूरध्वनी क्रमांक गल्ल्यापाशी लिहून ठेवावा. बहुतेक कुटुंबे प्रथम तेथेच थांबतात.

उपसंहार

चारही पादांचे सोळाही गुण पूर्णत्वाने असलेले गृह क्वचितच सापडेल. शिफारशीपूर्वी तीन गोष्टी मात्र आम्ही अनिवार्य मानतो : वेदनाशमनाची सिद्ध व्यवस्था, रात्री जागे असणारे प्रशिक्षित मनुष्य आणि रुग्णास बोलू देणारा वैद्य. या तिहींपैकी एक जरी नसेल, तरी इतर गुणांनी ती उणीव भरून निघत नाही. वैद्यबंधू-भगिनींनी आपापल्या जिल्ह्यातील अशा गृहांची पाहणी करून तिची नोंद शाखेच्या बैठकीत ठेवावी, अशी आमची विनंती आहे. त्या मुलाचा प्रश्न पुन्हा कोणी विचारला, तर आपल्यापैकी प्रत्येकापाशी उत्तर असावे.