एका इंजेक्टरचे दोन कारभारी

लातूर जिल्ह्यातल्या जळकोटच्या पंपावर टाकीत पडणाऱ्या पेट्रोलमध्ये आता पाचवा हिस्सा इथेनॉलचा असतो. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा अनेकांनी पाणी पिणाऱ्या उसाला शिव्या घातल्या होत्या. मांजरा नदीकाठच्या कारखान्यांनी ऊस सोडला नाही, उलट डिस्टिलऱ्यांतून इथेनॉल गाळू लागले. ते कुठल्या डेपोत जातं हे टँकरवाल्याला विचारावं, आणि देशभरच्या इथेनॉलमध्ये मका-तांदूळही आहेत. पण जळकोट-उदगीर रस्त्यावरची मोटारसायकल आज थोडी शेतातल्या पिकावर चालते, हे खरं.

इंजिनाला हा फरक कळतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्याने त्याला 9 किलो पुरते. वीस टक्के मिश्रणाचा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे हवा तेवढीच आली तरी इंधन जास्त सोडायला हवं. किती सोडायचं हे ठरवतो कोण, हाच या लेखाचा विषय.

पूर्वी मिस्त्री ठरवायचा. प्लग काढायचा, टोकाचा रंग बघायचा. काळा पडला असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा फटक असेल तर कमी, तपकिरी असेल तर जमलं. मग कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा इकडे, निडलची क्लिप एक खाच तिकडे. हे सगळं अंदाजाने चालायचं, पण तो अंदाज गावातल्या माणसाच्या हातात होता.

कार्बोरेटरची जागा घेणारं इंजेक्शन आपल्याकडे आलं तेही अडखळतच. 2006 मध्ये हिरो होंडाने ग्लॅमर एफआय आणली. 2007 मध्ये पुण्याच्या बजाजने पल्सर 220 डीटीएस-एफआय काढली आणि 2009 मध्ये तिचं इंजेक्शन काढून पुन्हा कार्बोरेटर बसवला. गाडी स्वस्त झाली आणि ताकदही किंचित वाढली. लोकांनी ती डोक्यावर घेतली. त्याच वर्षी रॉयल एनफिल्डची क्लासिक 500 इंजेक्शनसह आली. चाकणला बनलेल्या केटीएम ड्यूक 200 आणि 390 या 2012 आणि 2013 मध्ये रस्त्यावर आल्या. 1 एप्रिल 2020 ला प्रदूषणाचे बीएस-6 निकष लागू झाले आणि स्प्लेंडरसुद्धा इंजेक्शनवर गेली. मिस्त्रीचा स्क्रू ड्रायव्हर मिश्रणापुरता तरी रिटायर झाला.

त्याच्या जागी बसला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक. थ्रॉटल किती उघडलंय, इंजिन किती फेरे घेतंय, हवा किती तापलीय हे सेन्सरकडून ऐकून तो पोटातला एक तक्ता उघडतो. आडव्या रकान्यात थ्रॉटल, उभ्यात आरपीएम, प्रत्येक घरात एक आकडा. तो आकडा म्हणजे इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा याचा हुकूम. सहा हजार आरपीएमला इंजिनाचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांत संपतं, म्हणजे हा हिशोब सेकंदाला पन्नास वेळा होतो. शिवाय सायलेन्सरच्या पाईपात ऑक्सिजन सेन्सर असतो. जळून बाहेर पडलेल्या धुरात ऑक्सिजन उरलाय की नाही, एवढंच तो सांगतो, आणि ईसीयू पुढच्या वेळी इंधन किंचित कमी-जास्त करतो. सेन्सरला इथेनॉल कळत नाही, उरलेला ऑक्सिजन कळतो. म्हणून मंद चालीत गाडी नव्या पेट्रोलशी आपणहून जुळवून घेते. हे फक्त मंद चालीत. मूठ पूर्ण पिळली की ईसीयू सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि तक्त्यातल्या आकड्यावर डोळे झाकून चालतो.

आता हौशी लोक येतात. सायलेन्सर बदलला, एअर फिल्टर मोकळा केला, की हवा वाढते आणि वरच्या पट्ट्यात मिश्रण पातळ होतं. त्यावर पहिला उपाय म्हणजे फ्यूएल कंट्रोलर. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी पेटी, ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मधल्या वायरीत बसते. ईसीयूने तीन मिलिसेकंद म्हटलं तर ही सव्वातीन करते. अमेरिकेच्या डायनोजेटची पॉवर कमांडर जगभर चालते; आपल्याकडे बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सची फ्यूएलएक्स तरुणांच्या तोंडी असते. कपलर जोडायचा, सीट लावायची, काम झालं. काढली की गाडी पूर्ववत. ही सोय मोठी आहे, कारण वॉरंटीची भीती कुणाला नसते?

दुसरा उपाय फ्लॅशिंगचा. लॅपटॉप जोडून ईसीयूमधला तक्ताच बदलायचा. ट्यूनईसीयू हे सॉफ्टवेअर ट्रायम्फ आणि केटीएमच्या काही मोठ्या गाड्यांसाठी प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रेलियाच्या वूलिच रेसिंगचं सॉफ्टवेअर जपानी गाड्यांच्या ट्यूनरमध्ये चालतं. फ्लॅशमध्ये इंधनाशिवाय ठिणगीची वेळ, आरपीएमची मर्यादा, पंखा कोणत्या तापमानाला फिरवायचा, हेही हाती येतं. नुसत्या इंधनाच्या पेटीला यातलं काही जमत नाही. मात्र लिहिणं चालू असताना बॅटरीचा दाब पडला तर ईसीयू मुका होऊन बसतो. म्हणून चार्जर लावून काम करतात, आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या गावात तो चार्जर इन्व्हर्टरवर असावा, ही सूचना कुठल्या मॅन्युअलमध्ये मिळत नाही.

दोन्ही उपाय एकत्र केले तर? इथे बहुतेक जण फसतात. दोघींनी एकमेकींना न विचारता एकाच भाजीत मीठ घालावं तसं होतं. समजा सायलेन्सरसाठी फ्लॅशमध्ये पाच टक्के इंधन वाढवलं, आणि त्याच सायलेन्सरचा तयार तक्ता पेटीतही आहे. वरच्या पट्ट्यात दहा टक्के जास्त इंधन जातं. प्लग काळा, धूर, आणि जास्तीचं पेट्रोल सिलिंडरची भिंत धुऊन ऑईलमध्ये. खालच्या पट्ट्यात याच्या उलट. तिथे सेन्सर जागा असतो. पेटीने वाढवलेलं इंधन ईसीयूला चूक वाटतं आणि तो ते काढून टाकतो. पेटी पुन्हा वाढवते. ईसीयूची ही दुरुस्ती स्मरणात साठते, आणि मग मूठ पिळतानाही तिची सावली पडते. गाडी सकाळी एक, दुपारी दुसरी वाटते. मालक म्हणतो, पिकअप तर आलाय, पण अ‍ॅव्हरेज कुठे गेलं?

कामाचा क्रम साधा आहे. आधी पेटीतला तक्ता शून्यावर आणायचा. मग फ्लॅशने पाया घालायचा, ठिणगी ठरवायची, आणि जिथे पेटीला काम करू द्यायचं तिथे ईसीयूला सेन्सरचं ऐकणं बंद करायला सांगायचं. मग धुराच्या वाटेवर वाईडबँड सेन्सर बसवायचा. हा नुसतं हो-नाही न सांगता नेमका आकडा सांगतो. त्याच्या आकड्यावरून पेटीने घरोघरी दोन-तीन टक्क्यांची बारीक दुरुस्ती करायची. पाया एकाचा, रंगसफेदी दुसऱ्याची. खरं तर फ्लॅशचं सॉफ्टवेअर नीट असेल आणि जवळ डायनो, म्हणजे गाडी जागेवर पळवून ताकद मोजणारं यंत्र, असेल तर पेटीची गरजच राहत नाही. आपल्याकडे दोन्ही एकत्र येतात ती बहुधा नाइलाजाने: ईसीयू अर्धवटच उघडतो, किंवा ट्यूनर पुण्याला आणि गाडी लातूर जिल्ह्यात. फाईल दुरून येते, शेवटचा हात पेटीवर मारायचा.

आणि मग पुन्हा ऊस. पेटीतले बरेच तक्ते दहा टक्के इथेनॉलच्या काळात बनले. तेव्हा योग्य हवेचा आकडा 14.1 च्या आसपास होता. आज तोच तक्ता पूर्ण थ्रॉटलला सुमारे चार टक्के पातळ पडतो. म्हणजे ज्याने तेव्हा पैसे मोजून इंधन वाढवलं, त्याची निम्म्याहून अधिक कमाई पंपाने परस्पर खाल्ली. दुसरी बाजूही आहे. वीस टक्के इथेनॉलच्या, म्हणजे ई-20 पेट्रोलचा ऑक्टेन आकडा 95 असल्याचं पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितलं आहे. जास्त ऑक्टेनचा फायदा घ्यायचा तर ठिणगी थोडी आधी पाडावी लागते, आणि ती इंधनापुरत्या पेटीच्या हातात नाही. नुकसान भरायला पेटी चालेल, फायदा उचलायला फ्लॅशच हवा.

स्प्लेंडर किंवा शाईनवाल्याने यातलं काहीही करू नये. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात दुचाकींचं अ‍ॅव्हरेज ई-20 मुळे तीन-चार टक्क्यांनी घटेल असं म्हटलं होतं. ती घट कुठलीही पेटी भरून काढणार नाही, कारण इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं, तेही आहेच. पीयूसीच्या केंद्रावर दुचाकी उभ्या-उभ्या तपासतात, मूठ पिळून नाही. त्यामुळे वरच्या पट्ट्यात धूर ओकणारी गाडीही प्रमाणपत्र घेऊन येते.

ही पळवाट नव्या गाड्यांत बुजत चालली आहे. गाडीने स्वतःचे दोष ओळखण्याचा ओबीडी-2ए हा निकष एप्रिल 2023 पासून आला, एप्रिल 2025 पासून ओबीडी-2बी. आता ईसीयू स्वतःच्या सेन्सरवर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवरही पहारा ठेवतो. ईसीयूला सेन्सरचा खोटा आकडा दाखवणारी पेटी लावली की मीटरवर पिवळा दिवा लागण्याची शक्यता मोठी. तो विझवायला फ्लॅशवाल्याकडे जावं लागेल, आणि तो पहिला प्रश्न विचारेल: पेटी काढलीय का?