सुखप्रसव : वायूचे अनुलोमन की कळांची घाई?

प्रसूतीची अपेक्षित तारीख उलटली आणि कळांचा मागमूस नसला, की गर्भिणीचे आप्त वैद्यांकडे किंवा औषधालयात धाव घेतात. ‘दिवस भरले आहेत, काहीतरी द्या,’ अशी मागणी असते. काहीजण तर एरंडतेलाची बाटलीच मागतात. अशा वेळी शास्त्राने काय विहित मानले व काय निषिद्ध ठरविले, याचा विचार वैद्य आणि औषधविक्रेते या दोघांनीही करणे अगत्याचे आहे.

प्रसवकालाचा निश्चय

चरकाचार्यांनी नवव्या महिन्याच्या प्रारंभापासून दहाव्या महिन्यापर्यंत प्रसवकाल मानला आहे. सुश्रुताचार्यांनी तो बाराव्या महिन्यापर्यंत सांगितला आहे. तथापि या वचनाच्या आधारे आज कोणीही वाट पाहत राहू नये. शेवटच्या पाळीची तारीख आणि पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी यांवरून दिवस निश्चित करावेत. जागतिक आरोग्य संघटना ४१ आठवडे निश्चितपणे पूर्ण झालेल्या स्त्रीस प्रसवप्रवर्तनाची शिफारस करते. उपद्रवरहित गर्भारपणात त्यापूर्वी ते करू नये, असेही तिचे मत आहे. ४२ आठवड्यांनंतर गर्भाच्या जीवितास असलेला धोका वाढतो. म्हणजेच चाळीसावा आठवडा संपला एवढ्यावरून विकृती मानण्याचे कारण नाही. परंतु ४१ आठवडे ही निर्णयाची सीमा आहे.

नवम मास परिचर्या

आयुर्वेदाचे खरे सामर्थ्य कळा आणण्यात नसून मार्ग सिद्ध करण्यात आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात नवव्या महिन्यासाठी मधुर औषधांनी सिद्ध केलेल्या तैलाचा अनुवासन बस्ती सांगितला असून, त्याच तैलाचा पिचू योनीत धारण करण्यास सांगितले आहे. गर्भस्थान व गर्भमार्ग यांचे स्नेहन हा त्याचा हेतू होय. कटी, पार्श्व, पृष्ठ यांना मार्दव येणे, वायूचे अनुलोमन होणे आणि मलमूत्रप्रवृत्ती सुखाने होणे, ही या परिचर्येची फळे आहेत. सुश्रुताचार्यांनीही आठव्या महिन्यात आस्थापन व त्यानंतर अनुवासन सांगितले असून, वायू अनुलोम असता प्रसव सुखाने होतो, हेच त्यामागील सूत्र आहे. प्रसव हे अपानाचे कर्म आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे या क्रमाचे मर्म उमगते.

व्यवहारात ३६ आठवडे पूर्ण झाल्यावर, स्त्रीरोगतज्ज्ञांच्या तपासणीनंतर, हा उपक्रम आरंभावा. मात्राबस्तीसाठी ६० मि.लि. तैल पुरेसे होते. पिचू निर्जंतुक असावा व तो काढण्यासाठी दोरा बांधलेला असावा. रक्तस्राव, गर्भोदकाचा स्राव, योनीगत संसर्ग किंवा खाली सरकलेली अपरा असल्यास पिचू ठेवू नये. रक्तदाब वाढलेला असल्यास अथवा पूर्वी सिझेरियन झाले असल्यास प्रसूतितज्ज्ञांच्या संमतीवाचून काहीही करू नये.

आत्रेयांचा निषेध

कळा लांबल्या असता गर्भिणीने मुसळाने धान्य कांडावे, असे त्या काळी काहीजणांचे मत होते. भगवान आत्रेयांनी ते स्पष्टपणे नाकारले. गर्भिणीस दारुण व्यायाम सदैव वर्ज्य आहे, प्रसवकाली तर विशेषेकरून; कारण त्या श्रमाने क्षुब्ध झालेला वायू प्राणहानी करू शकतो, असे कारण त्यांनी दिले आहे. चालणे आणि जांभई देणे मात्र त्यांना मान्य होते. कळ आली नसताना जोर करू नये, तसे करणे व्यर्थ व हानिकारक आहे, हाही उपदेश तेथेच आहे. बळाने वेग उत्पन्न करू नये, हा सिद्धान्त त्यातून प्रकट होतो. औषधांच्या बाबतीतही हाच निकष लावावयास हवा.

एरंडतेल, कळलावी आणि खजूर

तेलाने काठोकाठ भरलेले पात्र न हिंदकळता न्यावे, तसे गर्भिणीस जपण्यास चरकाचार्यांनी सांगितले आहे. विरेचनाचा त्यांनी निषेध केला असून, आठव्या महिन्यापासून केवळ आत्ययिक विकारात मृदू शोधनाची मुभा दिली आहे. एरंडतेलातील रिसिनोलिक आम्ल आतडे व गर्भाशय या दोहोंवरील एकाच प्रकारच्या प्रोस्टाग्लँडिन ग्राहींवर कार्य करते, हे २०१२ साली उंदरांवरील संशोधनात दिसून आले. २०१३ च्या कॉक्रेन समीक्षेत तीन चाचण्यांतील २३३ स्त्रियांचा विचार झाला. प्रसवप्रवर्तनाबाबत निर्णायक पुरावा मिळाला नाही. मात्र तेल घेतलेल्या सर्व स्त्रियांना मळमळ झाली. पूर्वी सिझेरियन झालेल्या एका स्त्रीचे गर्भाशय एरंडतेलाच्या सेवनानंतर विदीर्ण झाल्याची नोंद २००३ साली प्रसिद्ध झाली आहे.

कळलावीचे नावच तिचा लौकिक सांगते. तिच्या मुळाचा बाह्य लेप परंपरेत आहे. परंतु कोल्चिसीनमुळे तिचे सेवन प्राणघातक ठरू शकते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ च्या अनुसूची ई (१) मध्ये लांगलीचा समावेश आहे, हे औषधविक्रेत्यांनी विसरू नये.

याउलट खजूर हा सौम्य आहार आहे. जॉर्डनमधील २०११ च्या अभ्यासात अपेक्षित तारखेपूर्वी चार आठवडे रोज सहा खजूर खाणाऱ्या ६९ स्त्रियांची तुलना न खाणाऱ्या ४५ स्त्रियांशी केली असता, रुग्णालयात दाखल होताना पहिल्या गटात गर्भाशयमुख अधिक उघडलेले आढळले. मधुमेही गर्भिणीस मात्र तो देऊ नये.

आपला व्यवहार

१. दिवस भरले या सबबीवर एरंडतेल वा कळलावी मागणाऱ्यास गल्ल्यावरून काहीही न देता वैद्यांकडे अथवा प्रसूतिगृहात पाठवावे.
२. गर्भाची हालचाल मंदावणे, रक्तस्राव, पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी किंवा दृष्टी अंधुक होणे यांपैकी एकही लक्षण असल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.
३. ४१ आठवडे पूर्ण होताच प्रसूतितज्ज्ञांकडे निर्णय सोपवावा. कळा येतील, अशी हमी कोणत्याही औषधाने देऊ नये.

नवव्या महिन्यात योग्य वेळी दिलेला स्नेह हे आपले कर्तव्य आहे, आणि वेळ उलटल्यावर हात आवरणे हेही तितकेच शास्त्रोक्त आहे. माता व बालक या दोघांचे जीवित ज्या क्षणी आपल्या शब्दावर अवलंबून असते, त्या क्षणी ‘आता रुग्णालयात न्या’ एवढे सांगण्यात वैद्याला कोणताही कमीपणा नाही.