सायकलवरून वसईच्या वाड्यांत

वसईचें नांव निघतांच १७३९ सालचा चिमाजीअप्पांचा विजय आठवणार नाहीं, असें महाराष्ट्रीय घर विरळा. प्रवासी मंडळी किल्ल्यांतील भग्न मनोरे व नागेश्वराचें देऊळ पाहून संध्याकाळची गाडी धरतात. परंतु १५३४ पासून दोन शतकांहून अधिक काळ पोर्तुगीजांच्या ताब्यांत असलेल्या या शहराभोंवतालच्या गांवांकडे कोणी वळत नाहीं. म्हणून गेल्या हिवाळ्यांत एके पहांटे आम्हीं सायकली काढल्या व पापडीवरून गिरीजची वाट धरली.

मोटारीच्या वेगांत जें निसटतें, तें सायकलवर सहज हातीं लागतें. केळीचे बाग, पानवेली, फुलांच्या वाड्या, कौलारू घरें. एका अंगणांत तुळस, तर शेजारच्या अंगणांत क्रूस. सामवेदी ब्राह्मण व सामवेदी ख्रिस्ती यांची घरांतील बोली एकच, हें ऐकून आम्हांस कौतुक वाटलें. निर्मळास शंकराचार्यांचें मंदिर आहे. कार्तिकांत तेथें मोठी यात्रा भरते. जवळच ख्रिस्ती देऊळही आहे.

वाघोलीपुढें एका वाडींत आम्ही विसाव्यास थांबलों. तेथील वृद्ध मालकांनीं आम्हांस आपलें बावखल दाखविलें. बावखल म्हणजे वाडींत खणलेलें गोड्या पाण्याचें तळें. पावसाचें पाणी त्यांत सांठतें, हळूहळू मुरतें आणि समुद्र इतका जवळ असूनहि विहिरी गोड राहतात. पूर्वीं त्यावर बैलांचा रहाट चाले. आतां मात्र त्याचा अर्धा भाग राडारोड्यानें बुजलेला होता.

"असें कां केलेंत?" आम्हीं विचारलें.

"वांटण्या झाल्या," ते म्हणाले. "धाकट्यानें आपला वांटा विकला. जमिनीचे वांटे पडतात हो, पण खालच्या पाण्याचे कसे पाडणार? यंदा माझी विहीर मचूळ झाली."

२००९ सालीं येथें महानगरपालिका झाली; इमारती वाड्यांच्या कुंपणाला भिडल्या. या हिरव्या पट्ट्यासाठीं दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं हरित वसईची चळवळ चालविली. परंतु चळवळ कितीहि मोठी असली, तरी बावखल राखणें अखेर घरच्यांच्याच हातीं.

वाचकहो, वसईस जाल तेव्हां किल्ला अवश्य पाहा. पण एक सकाळ या वाड्यांसाठीं राखून ठेवा. मुलांनाहि बरोबर न्या. आणि आपल्या गांवच्या सामाईक विहिरीवर कोणाकोणाचें नांव आहे, तें घरीं परतल्यावर एकदां वडीलधाऱ्यांस विचारा.