मंथरेच्या हातातली तलवार

माझ्या आजीचं माहेर येवल्याचं. १९८७ साली दर रविवारी सकाळी वाड्यातले आम्ही सगळे मालकांच्या घरी चटईवर बसून 'रामायण' बघायचो. मंथरा पडद्यावर आली की आजी म्हणायची, "आली मेली घर फोडायला." आणि त्याच दमात मालकीणबाईंना सांगायची, "आमच्या येवल्याची हो ती!"

ती म्हणजे ललिता पवार. आमच्या पिढीला ललिताबाई ठाऊक झाल्या त्या खाष्ट सासू म्हणून. शाळेत एखाद्या बाई फार कडक असल्या की आम्ही त्यांचं नावच 'ललिता पवार' ठेवायचो. नाव विशेषण झालेल्या नट्या आपल्याकडे फार नाहीत.

१९९८ च्या फेब्रुवारीत त्या औंधला वारल्या. दुसऱ्या वर्षी पुण्यात, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात मी 'दिलेर जिगर' नावाचा १९३१ चा मूकपट पाहिला. तेव्हापासून त्यातली एक पोरगी माझा पिच्छा सोडत नाही.

हिंदुस्थानात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, असा हिशेब आहे. त्यांतले धड उरलेले शोधायला बसलं तर दोन-तीन डझनांवर गाडी अडते. बाकीचे जळाले, कुजले, नाहीतर भंगारात गेले. नायट्रेटच्या फिल्मवर चांदी असते, ती काढून घ्यायला रिळंच्या रिळं विकली गेली. 'दिलेर जिगर' या सगळ्यातून कसाबसा वाचलेला. पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीचा, ग. प. पवारांनी दिग्दर्शित केलेला. कंपनी मोठी नव्हती आणि चित्रपटही जातिवंत देमार होता, म्हणजे समीक्षकांनी नाक मुरडावं असाच.

गोष्ट ठरीव साच्यातली आहे. भल्या राजाला दगा होतो, तान्हा वारस वाचतो आणि मोठा होऊन रस्त्यावर कसरतीचे खेळ करणारा हमीर होतो. त्याच्याबरोबर खेळ करणारी सारंगा. राज्य बळकावलेल्या काळसेनाची वाईट नजर सारंगेवर पडते. पुढचं कुणीही सांगेल, असं वाटत असतानाच सारंगा मुखवटा चढवते, तलवार उपसते आणि एकटी एका वेळी चार-चार पुरुषांना अंगावर घेते. अंधाऱ्या खोलीत आवाज होता तो फक्त पंख्याचा. पडद्यावर ती पोरगी उड्या मारत होती आणि भोवतीचे धटिंगण मागे सरत होते. मी शेजारच्या गृहस्थांना विचारलं, "ही कोण?" ते म्हणाले, "अंबू. म्हणजे आपल्या ललिता पवार."

अंबिका सगुण, जन्म १९१६, येवला. म्हणजे त्या चित्रीकरणाच्या वेळी तिचं वय पंधराच्या आतबाहेर. आजच्या हिशेबाने दहावीतली मुलगी.

'दिलेर जिगर'वर डग्लस फेअरबँक्सच्या 'दि मार्क ऑफ झोरो'ची (१९२०) छाप आहे, हे सगळेच सांगतात. सांगायचं राहून जातं ते वेगळंच. झोरोत मुखवटा नायकाच्या तोंडावर आहे आणि नायिका त्याच्या पराक्रमावर भाळते. पुण्याच्या या कंपनीने तो मुखवटा उचलून सरळ नायिकेला दिला. हे कुणाला सुचलं, आणि त्यावर कंपनीत वाद झाला का, हे कळायला मी काय वाटेल ते देईन.

अठराच वर्षं मागे जा. नाशिक जिल्ह्यातल्याच त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना, म्हणून ग्रँट रोडच्या खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवावं लागलं. पुढे 'लंकादहन'मध्ये (१९१७) साळुंके राम झाले आणि सीताही झाले. बाईचं काम पुरुषाने करण्याला तेव्हा शिष्टसंमत कला म्हणत. रंगभूमीवर बालगंधर्वांची सद्दी होती. मग १९२८ साली 'राजा हरिश्चंद्र' याच नावाचा आणखी एक मूकपट निघाला. त्यात येवल्याची अंबू पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि तीन वर्षांत ती मुखवट्याआडून पुरुषाचं काम करू लागली. लुगड्यातला पुरुष आणि मुखवट्यातली बाई यांत दोन दशकांचंही अंतर नाही. माझ्या मते आपल्या चित्रपटाच्या इतिहासातली ही सर्वांत वेगवान कोलांटउडी आहे, आणि तिच्यावर लिहिलं गेलंय अगदी थोडं.

याचं एक कारण नादिया. 'हंटरवाली' (१९३५), वाडिया मूव्हीटोन, चालत्या गाडीच्या टपावरची मारामारी, अंगावर काटा आणणारी ती आरोळी, हे सगळं वाचकांना पाठ असेल. पर्थमध्ये जन्मलेल्या, सोनेरी केसांच्या मेरी एव्हान्सने देमार नायिकेचं सिंहासन असं काही व्यापलं की तिच्या आधीच्या पुसल्याच गेल्या. तिच्याबद्दल एक मत नेहमी ऐकू येतं, की नादियाला ते चाललं कारण ती गोरी होती. देशी बाईने चाबूक उगारला असता तर प्रेक्षकांना पचलं नसतं. मला हे मत कधीच पटलं नाही. पुराव्याला रीळ आहे. 'हंटरवाली'च्या चार वर्षं आधी येवल्याची सावळी पोरगी तेच करत होती आणि पिटातला प्रेक्षक तिकीट काढून ते बघत होता. न पचणारे कुणी असतील तर ते वरच्या वर्गातले, ज्यांनी वर्तमानपत्रांत लिहिलं ते. पिटातल्यांनी लिहिलं नाही, शिट्ट्या मारल्या.

अंबूची वाट अडवली ती बहुधा वेगळ्याच वस्तूने, मायक्रोफोनने. १९३१ च्या मार्चमध्ये 'आलम आरा' लागला आणि मूकपटांचे दिवस भरले. मूकपटात नायिका हवी तशी धावू शकत होती, भिंतीवरून उडी टाकू शकत होती, धापा टाकल्या तरी ऐकू येत नव्हत्या. बोलपटाच्या सुरुवातीला माइक कुठेतरी कुंडीत नाहीतर पडद्यामागे लपवलेला, आणि नटांनी त्याच्या आसपास उभं राहून बोलायचं, गायचं. तलवार म्यानात गेली आणि पेटी पुढे आली. वाडियांनी बोलपटातही मारामारी टिकवली, यात त्यांचं मोठेपण आहेच. पण तो अपवाद.

त्याच सुमारास पुण्यातच दुसरा एक प्रयोग झाला, 'प्रभात'चा 'अमरज्योती' (१९३६), व्ही. शांतारामांचा. व्हेनिसच्या महोत्सवात तो दाखवला गेला. दुर्गा खोटे त्यात सौदामिनी. पोटच्या मुलावर आईचा हक्क नाही, असा निवाडा राज्याचा न्यायमंत्री देतो. मग ती समुद्रावरची चाची होते, जहाज लुटते आणि त्याच मंत्र्याला कैद करते. पडद्यावरचं राज्य काल्पनिक होतं, कायदा नव्हता. १९३६ साली मुंबई इलाख्यातल्या हिंदू बाईला, रूढीने काडीमोड चालणाऱ्या जाती सोडल्या तर, घटस्फोट मागता येत नव्हता. बडोदा संस्थानाने तो १९३१ साली दिला. मुंबईत कायदा व्हायला १९४७ उजाडलं. हे ध्यानात घेऊन 'अमरज्योती' पाहिला तर शहारा येतो. तरीही कबूल करते, सौदामिनी मला जरा जास्त बोलते असं वाटतं. तिची तलवार पुराव्यादाखल आहे, खरा वार भाषणाचा. सारंगा एक अक्षर बोलत नाही. बोलायची सोयच नव्हती म्हणा.

याच चित्रपटातल्या राजकन्येच्या, शांता आपट्यांच्या, पुढच्या कहाणीत मी शिरले तर हा लेख तिकडेच वाहून जाईल. १९३९ च्या जुलैत त्या 'प्रभात'च्या फाटकाशी उपोषणाला बसल्या आणि पुढच्या वर्षी 'जाऊ मी सिनेमांत?' हे पुस्तक लिहून धंद्यातल्या पिळवणुकीचा पाढा वाचला. प्रश्नचिन्ह शीर्षकातच आहे, हे विसरू नये.

हल्ली वाद निराळ्या भाषेत होतो. पुरुषासारखी मारामारी करणारी नायिका सशक्त, की ती नुसता वेश बदललेला पुरुष? 'एलियन'ची (१९७९) पटकथा लिहिताना डॅन ओबॅननने टीपच घातली होती, की जहाजावरचं कुठलंही पात्र स्त्री किंवा पुरुष कुणीही केलेलं चालेल. रिप्ली त्यातूनच जन्मली, आणि ती बाई म्हणून खरी की नाही यावर लोक अजून भांडताहेत. भांडोत. मला त्या प्रश्नापेक्षा दुसरा महत्त्वाचा वाटतो: तलवार काढून घेतल्यावर त्या बाईचं काय करतात?

अंबूचं काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे. 'दिलेर जिगर'च्या दिग्दर्शकाशी तिचं लग्न झालं, ती ललिता पवार झाली. तिने 'कैलास' (१९३२) आणि 'दुनिया क्या है'ची (१९३८) निर्मितीही केली, म्हणजे ती नुसती हुकमाची नटी नव्हती. मग १९४२, 'जंग-ए-आझादी'चं चित्रीकरण. प्रसंगात भगवानदादांनी तिला थोबाडीत मारायची होती. भगवानदादा स्वतः गिरणगावातून वर आलेले, देमार चित्रपटांवर पोसलेले. हात जोरात बसला. चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला. वय सव्वीस. ज्या मुलीने पंधराव्या वर्षी डझनभर तलवारी झेलल्या, तिची नायिकेची कारकीर्द एका थपडेत संपली. आणि ती थप्पडही पटकथेत लिहिलेली.

सगळे इथे हळहळतात आणि पुढे जातात. मी थांबते ते दोन वर्षांनंतर, १९४४ च्या 'रामशास्त्री'पाशी. 'प्रभात'चाच चित्रपट, आणि ललिताबाई त्यात आनंदीबाई. 'ध'चा 'मा' करणारी. तलवार गेली, हातात लेखणी आली, आणि बाई खलनायिका झाली. सारंगेची हिंमत, डावपेच, माघार न घेणं, सगळं आनंदीबाईत जसंच्या तसं आहे. बदलली आहे ती फक्त जागा: मैदानातून माजघरात. त्यानंतर चाळीस वर्षं त्या माजघरातच होत्या, सुनांच्या पाठीशी हात धुऊन लागलेल्या. आपल्या चित्रपटांनी बलदंड बाई कधीच हद्दपार केली नाही. तिला सासू करून ठेवलं, एवढंच. मधे 'श्री ४२०'मधली (१९५५) केळेवाली आणि 'अनाडी'मधली (१९५९) मिसेस डिसा येऊन जातात, वरून काटेरी, आतून मऊ. लोकांनी त्यांच्यावर माया केली, पण आठवणीत ठेवली ती सासू.

'दिलेर जिगर' पाहून मी नाशिकला गेले तेव्हा आजी ऐंशीच्या पुढे होती, ऐकू कमी यायचं. तिच्या कानाशी बसून सगळी गोष्ट सांगितली. कसरती, काळसेन, मुखवटा, तलवार. तिला आधी पटेनाच. मग बराच वेळ वातीसाठी कापूस पिंजत राहिली.

"मग जिंकली का गं?"

"जिंकली की."

"आणि डोळा?"

"तेव्हा दोन्ही धड होते, आजी."