पेशीचं जिगसॉ कोडं आणि निळा रंग

सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या मानवी पेशीच्या फोटोचं जिगसॉ कोडं दिलं की मुलं आधी गडद निळा तुकडा शोधतात. तो केंद्रकाचा. भोवतीचं फिकट पेशीद्रव्य सगळीकडे सारखंच दिसतं, म्हणून खरी कसरत तिथे होते.

इथेच थांबवून विचारा, पेशी खरंच निळी असते का? नसते. गालाच्या आतल्या पेशी जवळजवळ रंगहीन असतात. मिथिलीन ब्लू टाकलं की केंद्रकातल्या डीएनएला ते जास्त धरतं आणि केंद्रक उठून दिसतं. हे सांगितलं नाही तर "आपल्या पेशी निळ्या" असंच मुलं धरून चालतात, आणि पुढे ते काढणं अवघड जातं.

आकाराचंही तेच. ही पेशी साधारण ०.०५ मिलिमीटर रुंद. पट्टीवरच्या एका मिलिमीटरात वीसेक बसतील. कोड्यात ती ५० सेंटीमीटर झाली असेल तर किती पट मोठी? दहा हजार पट! पालकांनो, हे गणित मुलांनाच करू द्या.

विकतचं कोडं हवंच असं नाही. फोटोची प्रिंट पुठ्ठ्यावर चिकटवून कापली तरी चालते. पेशीची वेडीवाकडी कड तेवढी फोटोत पूर्ण येऊ द्या, कारण वनस्पतीपेशीसारखी पेशीभित्तिका हिला नसते, हे तिथेच दाखवता येतं.